वर्ष द्या, ठिकाण द्या

वर्ष द्या, ठिकाण द्या,
मी सुट्ट्यांची यादी देतो.
एवढंच करतो माझा प्रोग्रॅम.
तो मी लिहिला वेंगुर्ल्यात,
बर्फाच्या कारखान्याला लागून असलेल्या खोलीत,
जिथे पंखा बंद पडला तरी
भिंतीतून गारवा झिरपत राहतो.

सव्वीस जानेवारी सोपी.
पंधरा ऑगस्टला चंद्र लागत नाही.
ईस्टरसाठी एकोणीसने भागायचं, बाकी धरून ठेवायची,
आणि पुढे बरंच काही. तीनदा चुकलो.
चौथ्यांदा जमलं तेव्हा शेजारच्या रुझारला
कुंपणावरूनच ओरडून सांगितलं,
दोन हजार एक्क्याण्णवचा ईस्टर आठ एप्रिलला!
तो जाळं सांधत होता.
"तवसर मी नाय, तू पण नाय," म्हणाला,
"मगे सांगतंस कोणाक?"

तिथीचं वेगळं.
सूर्य उगवताना जी हजर असेल ती त्या दिवसाची,
म्हणून गावाचे अक्षांश-रेखांश लागतात.
पंधरा अंश एक्कावन्न मिनिटं उत्तर:
आपलं गाव एवढ्या बारीक सुईवर उभं आहे
हे मला तेव्हा कळलं.

ईदेच्या तारखेपुढे मी एक तारका ठेवली आहे,
खाली टीप: एक दिवस मागेपुढे.
ती तारका हसनचाचा मुकादमांची.
ते बंदराच्या टोकाला उभे राहतात,
आभाळ गच्च असेल तर रत्नागिरीला फोन लावतात.
माझ्या कोष्टकानं तो चंद्र
तीन वर्षांपूर्वीच बघून ठेवलेला असतो.
मी त्यांना कधी सांगितलं नाही.
चष्मा पुसून देतो.

एक जून ते एकतीस जुलै, दर्या बंद.
हेही मी यादीत घातलं होतं.
दूरदेशीच्या एका सहकाऱ्यानं काढायला लावलं.
ही सुट्टी नव्हे, त्यानं लिहिलं, हिला पगार नाही.
बरोबर होतं त्याचं.
ओढून ठेवलेल्या होड्यांवर झावळ्या टाकलेल्या,
खलाशी पत्ते पिसत बसलेले,
आणि माझ्या यादीत साठ-एकसष्ट कोरे दिवस.

मग एका बँकेनं विचारलं:
तुमच्याकडच्या जत्रेची स्थानिक सुट्टी,
पुढल्या पाच वर्षांच्या तारखा कळवा.

गेलो देवळात. तुळाजी गुरव समई घासत होता.
"माका इचारू नको," म्हणाला,
"माका म्हायत असता तर कळे कित्याक लावले असते?"

कौलाच्या दिवशी मागे उभा राहिलो.
ओल्या पाषाणावर कळ्या चिकटवल्या,
मानकऱ्यानं गाऱ्हाणं सुरू केलं,
बा म्हाराजा, ह्या वर्साक, ह्या गावात...
आणि मी चमकलो.
हेच दोन. वर्ष आणि ठिकाण.
माझ्याच फंक्शनला कुणीतरी
माझ्या आधी चारशे वर्षं हाक मारत होतं.
व्हय म्हाराजा, म्हणाले सगळे.
मीही म्हणालो, उशिरा, एकटाच.

कळी पडेना.
कुणी घड्याळ बघत नव्हतं, एक मी सोडून.
मुंबईहून आलेला एकजण खांबाला टेकून
मोबाइलवर तिकिटांचं पान उघडून उभा,
महिना निवडलेला, तारखेची चौकट रिकामी.
डावी पाकळी हलली, राहिली.
पुन्हा गाऱ्हाणं.

बँकेला कळवलं: एका वर्षाची तारीख सोबत जोडली आहे.
उरलेली चार विचारली की सांगतो.
त्यांचं उत्तर आलं, निदान अंदाजे तरी.
प्रोग्रॅममध्ये त्या ओळीवर मी शून्य ठेवलेलं नाही,
चूकही दाखवत नाही.
नुसती जागा सोडली आहे, कळीएवढी.

जत्रेच्या दिवशी बर्फाचा कारखाना बंद असतो.
वर्षातून तेवढा एकच दिवस.
मी यंदाही काम करत बसलो होतो, सवयीनं,
पाठ टेकली तर भिंत कोमट लागली.
संगणक मिटला.
पायात चपला सरकवल्या.